जॉनीला बुश कसा काय आवडला?

रॉकरचा भाचा कट्ट्यावर आला तो काळा टी-शर्ट घालून. छातीवर पांढऱ्या वर्तुळात गरुड, त्याच्या पंजात बेसबॉलची बॅट, कडेनं चार नावं: जॉनी, जोई, डी डी, टॉमी. आमचा रॉकर विमा कंपनीत आहे, केसही गेलेत, पण नव्वदच्या दशकात ठाण्यात त्याचा बँड होता आणि नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. टी-शर्ट होता रामोन्स या सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या बंडखोर पंक-रॉक बँडचा. त्यानं भाच्याला विचारलं, “रामोन्सची दोन गाणी सांग.” पोराला एकही सांगता येईना. फॅशन स्ट्रीटला मिळाला, डिझाइन भारी वाटलं, बस्स.

“हे डिझाइन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या शिक्क्यावरून घेतलंय,” रॉकर म्हणाला. “आणि या चौघांतल्या एकाला तो शिक्का खरोखरच प्रिय होता. हा गिटारवाला जॉनी. कट्टर रिपब्लिकन, म्हणजे अमेरिकेतल्या उजव्या पक्षाचा. राष्ट्राध्यक्ष रेगन त्याचा लाडका.”

“पंकवाला आणि रिपब्लिकन?” पोरगं हसलं. “काहीही काय मामा.”

“काहीही काय? २००२ मध्ये या बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलात कार्यक्रम. जॉनी माइकवर आला, आभार मानले आणि म्हणाला, देव राष्ट्राध्यक्ष बुश यांचं भलं करो, अमेरिकेचं भलं करो. फाटकी जीन्स, लेदरचं जॅकेट, दोन मिनिटांत संपणारी गाणी, आणि मत कुणाला तर बुशला.”

सीएनं चहाचा ग्लास खाली ठेवला. आता निकाल लागणार हे आम्ही ओळखलं. सीएकडे सगळ्या विषयांवर एकच निकाल असतो. “त्यात आश्चर्य कसलं? पैसा आला की माणूस उजवा होतो. विवरणपत्र भरायला लागला की क्रांती संपते.”

मग त्यानं पुरावे काढले, आणि पुरावे त्याच्याकडे असतात हे मान्य करायला हवं. सत्तरच्या दशकात इंग्लंडात मजूर पक्षाचं सरकार असताना कमाईवरचा सगळ्यात वरचा कर ८३ टक्के होता. व्याज-डिव्हिडंड असेल तर अधिभार धरून ९८. “शंभर पौंडांतले दोन तुझे. आता बोल समाजवाद.” इंग्लिश नट मायकेल केन त्याच सुमारास बिऱ्हाड उचलून अमेरिकेला गेला. बाप लंडनच्या बिलिंग्जगेट मासळी बाजारात हमाल, आई लोकांकडे साफसफाई करणारी, स्वतःची बोली अशी की तोंड उघडलं की कामगार वस्ती ऐकू यावी. अशा माणसानं जन्मभर मजूर पक्षाचा झेंडा धरावा अशी आपली समजूत. त्यानं हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंची बाजू घेतली, २०१० च्या निवडणुकीत डेव्हिड कॅमेरॉनच्या शेजारी उभा राहिला, २०१६ ला ब्रेक्झिटच्या बाजूनं बोलला. रोलिंग स्टोन्सवाले त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, कराला कंटाळून फ्रान्सला गेले. आणि बीटल्सनी तर १९६६ मध्ये करवसुली करणाऱ्यावर गाणंच केलं, ‘टॅक्समन’. लिहिणारा जॉर्ज हॅरिसन. त्यात विल्सन आणि हीथ, दोन्ही पक्षांचे पुढारी नावानिशी आहेत.

“हॅरिसन?” मी म्हटलं. “तो तर सितार शिकणारा, हरे कृष्णवाल्यांना लंडनजवळ अख्खा वाडा घेऊन देणारा.”

“दिला ना. स्वतःहून दिला. सरकारनं काढून घेतलेलं आणि आपण दिलेलं, यात फरक असतो साहेब. मोक्षाचा मार्ग वेगळा, टीडीएसचा वेगळा.”

वरळी गप्प बसला होता तो आता बोलला. वरळी म्हणजे आमचा रेल्वेतला मित्र, बीडीडी चाळीत वाढलेला, आता ठाण्यात फ्लॅट. “आपल्याकडे पण होता ना असा भयंकर कर?”

“होता तर. १९७३-७४ ला वरचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्के.”

“मग आपले नट उजवे झाले का?”

“आपले नट रोखीत झाले,” सीए म्हणाला, आणि टपरीवाला पण हसला.

मास्तर हसले नाहीत. मास्तर इतिहास शिकवायचे, सेवा दलाच्या शाखेत वाढलेले, आणि कुणी माणसाचा उलगडा एका वाक्यात केला की त्यांना शाळा आठवते. “कराचं सांगतोस तर मला रेगनचं सांग. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत वरचा दर ९४ टक्के होता. रेगन वॉर्नर ब्रदर्सचा नट, त्याची कमाई त्या टप्प्यात जायची आणि तो जन्मभर त्याबद्दल कुरकुरला. बरोबर? पण तोच कर ग्रेगरी पेकलाही बसला की. त्याच गावात, त्याच धंद्यात, तेवढ्याच कमाईवर. पेक मरेपर्यंत डेमोक्रॅट, म्हणजे समोरच्या पक्षाचा राहिला, इतका की रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या लोकांनी शत्रूंच्या यादीत त्याचं नाव घातलं. एकच औषध, एकाला लागू पडलं, दुसऱ्याला नाही. मग औषध ते कसलं?”

सीएनं तोंड उघडलं, पण मास्तरांचा तास सुरू झाला होता.

रेगनची गोष्ट मला अर्धवट माहीत होती. कम्युनिस्टांचा कर्दनकाळ, एवढीच. मास्तरांनी पहिल्यापासून लावली. हा माणूस एकेकाळी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टचा भक्त. चारही वेळा त्याला मत दिलं. मंदीत बापाला जी नोकरी मिळाली ती रुझवेल्टच्या मदतयोजनेतली. १९४८ ला ट्रुमनचा प्रचार केला. नटांच्या युनियनचा अनेक वर्षं अध्यक्ष, आणि नुसता शोभेचा नाही: १९६० मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली नटांनी संप केला, त्यातून त्यांच्या पेन्शनची आणि आजारपणाच्या खर्चाची सोय उभी राहिली. टीव्हीवर सिनेमा दाखवला तर नटाला वाटा मिळावा, तेही त्या लढ्यातलं.

“मग बिघडलं कुठं?” वरळीनं विचारलं.

“बिघडलं म्हणू नकोस, बदललं म्हण,” सीए.

“मी बिघडलंच म्हणणार,” मास्तर म्हणाले. “सांगतो कुठं. पहिली ठिणगी युनियनमध्येच. चाळीसच्या दशकात हॉलिवूडच्या संघटनांमध्ये कम्युनिस्ट कोण नि कोण नाही यावरून जे रण माजलं त्यात हा मधोमध. १९४७ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे साक्ष देऊन आला. पण ती ठिणगी. शेकोटी पेटली ती १९५४ नंतर. सिनेमे मिळेनासे झाले आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं त्याला टीव्हीवरच्या कार्यक्रमाचा सूत्रधार केलं. करारात आणखी एक काम होतं: कंपनीच्या कारखान्यांत जायचं, लोकांना भेटायचं, भाषणं द्यायची. आठ वर्षं. गावोगाव. सुरुवातीला हॉलिवूडच्या गमतीजमती सांगायचा. हळूहळू भाषणात कर आला, सरकारी लुडबुड आली. टाळ्या कुठं पडतात हे नटाला कुणी शिकवावं लागत नाही. १९६२ मध्ये पक्ष बदलला आणि पुढं म्हणत राहिला, मी पक्ष सोडला नाही, पक्षानं मला सोडलं. १९६४ च्या ऑक्टोबरात रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरसाठी टीव्हीवर भाषण केलं आणि एका रात्रीत पुढारी झाला. लोकांना वाटलं, नटाला कुणीतरी भाषण लिहून दिलं. अरे, त्यानं त्या भाषणाची तालीम आठ वर्षं केली होती!”

“आणि १९८१ ला?” वकीलबाईंनी आठवण करून दिली.

“हां. १९८१ ला विमानतळांच्या कंट्रोलरांनी संप केला. अकरा हजारांहून जास्त लोकांना घरी पाठवलं. युनियनच्या माजी अध्यक्षानं. आणि त्या कंट्रोलरांच्या युनियननं आदल्या वर्षी निवडणुकीत पाठिंबा कुणाला दिला होता? यालाच.”

यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सीए म्हणाला, “म्हणजे कंपनीनं पगार दिला आणि माणूस कंपनीसारखा बोलायला लागला. फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात मास्तर.”

“पगार आणि सहवास यात फरक आहे.”

“कंपनीच्या खर्चानं झालेला सहवास!”

दोघं यावर दहा मिनिटं भांडले. ते इथं लिहीत नाही. मला स्वतःला मास्तरांचं जास्त पटलं, एवढं नोंदवतो. माणूस ज्यांच्यात रोज उठतो-बसतो त्यांची वाक्यं त्याच्या तोंडी येतात, आणि तोंडी आलेलं पुढे डोक्यात जातं. उलट क्रमानं होतं असं आपण समजतो.

रॉकरला हे दोन्ही मान्य नव्हतं, कारण त्याचा जॉनी दोन्हींत बसत नव्हता. “जॉनीचं ठरलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. १९६०, केनेडी विरुद्ध निक्सन. न्यूयॉर्कचं क्वीन्स, बाप बांधकाम मजूर. आजूबाजूचे लोक म्हणत होते केनेडी किती देखणा आहे, आणि या पोराला राग आला की दिसण्यावरून मत देतात म्हणजे काय. तेव्हापासून निक्सनवाला. ना पैसा, ना कंपनी. पुढं बँड काढला तोही कारखान्यासारखा चालवला. उशिरा आलास, दंड. पै-पैचा हिशोब. आणि शेजारी उभा कोण, तर जोई. ज्यू घरातला, डावीकडचा. दोघांचं एका पोरीवरूनही फाटलं होतं, ती पुढं जॉनीची बायको झाली. बोलत नव्हते एकमेकांशी. तरी एका गाडीतून वर्षानुवर्षं दौरे केले, दोन हजारांवर कार्यक्रम वाजवले.”

“रेगनवरून भांडले नाहीत?” मी विचारलं.

“भांडले ना. १९८५ ला रेगन जर्मनीत बिटबर्गच्या दफनभूमीत गेला होता. तिथं हिटलरच्या एसएसचेही सैनिक पुरलेत. जोई भडकला, गाणं केलं. रेगननं पूर्वी एका चिंपांझीबरोबर सिनेमा केला होता, त्या माकडाचं नाव रेगनला लावून गाण्याचं शीर्षक. जॉनी म्हणाला, गाणं ठेवा, नाव बदला. अमेरिकेतल्या अल्बमवर ते बदललेल्या नावानं आलं. पण गिटार त्यानंच वाजवली हं. तीच तीन कॉर्ड, तेवढ्याच जोरात.”

“मग याचं कारण काय धरायचं?” भाचा आता टी-शर्टकडे वेगळ्या नजरेनं बघत होता.

“स्वभाव,” रॉकर म्हणाला. “सगळे जिकडं जातात तिकडं जायचं नाही. ज्या गावात प्रत्येक गिटारवाला डावा, तिथं उजवं असणं हीच बंडखोरी.”

हे वाक्य ऐकायला छान आहे. मला ते फारसं पटत नाही. बंडखोरी म्हणून घेतलेलं मत चाळीस वर्षं टिकत नाही, फॅशनसारखं उतरतं. जॉनी बारा वर्षांचा असताना जे बोलला ते २००२ मध्येही बोलत होता. माझ्या मते तो फक्त क्वीन्सच्या बांधकाम मजुराच्या घरातला मुलगा होता: कष्ट करा, शिस्तीत राहा, झेंड्याला मान द्या, फुकट काही मागू नका. त्या वस्तीत असे हजारो असतील आणि त्यांच्याबद्दल कुणी ‘अरेच्चा’ म्हणत नाही. अंगावर लेदरचं जॅकेट चढलं म्हणून घरातलं बाहेर पडतं का? जॅकेट बघून बाकीचं आपण गृहीत धरलं.

मी हे बोललो तर वकीलबाई म्हणाल्या, “घर, पैसा, सहवास, सगळं खरं. पण तुम्ही पुरुष लोक मानपान विसरता. माझ्याकडं वाटणीचे दावे येतात. जमीन असते दोन गुंठे, आणि भांडण असतं वीस वर्षांपूर्वी लग्नात आहेर परत केला त्याचं.” मग त्यांनी सॅमी डेव्हिस ज्युनियरची गोष्ट सांगितली, आणि त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती.

सॅमी डेव्हिस म्हणजे गाणं, नाच, नक्कल, सगळ्यात पारंगत असा काळा कलावंत, गायक फ्रँक सिनात्राच्या टोळीतला. १९६० ला केनेडीच्या प्रचारात ही सगळी टोळी उतरली. त्याच वेळी सॅमीचं लग्न ठरलेलं, मे ब्रिट नावाच्या गोऱ्या स्वीडिश नटीशी. अमेरिकेच्या अनेक राज्यांत तेव्हा असं लग्न हा गुन्हा होता, सर्वोच्च न्यायालयानं ते कायदे १९६७ मध्ये मोडीत काढले. केनेडीला दक्षिणेत त्रास नको म्हणून लग्न निवडणूक आटोपल्यावर लागलं, नोव्हेंबरमध्ये. केनेडी जिंकला. जानेवारीत शपथविधीचा मोठा जलसा, सॅमीला बोलावणं होतं. ते मागं घेतलं गेलं. गोरी बायको घेऊन हा आला तर दक्षिणेतले खासदार बिथरतील.

“ज्याच्यासाठी लग्न पुढं ढकललं, त्यानं दारातून परत पाठवलं,” वकीलबाई म्हणाल्या. “आता पुढचं ऐका. १९७२. मायामीत रिपब्लिकनांचं अधिवेशन. तरुणांच्या मेळाव्यात सॅमी मंचावर, निक्सन शेजारी, आणि हा मागून जाऊन निक्सनला मिठी मारतो. तो फोटो देशभर छापला गेला. निक्सननं त्याला बायकोसकट व्हाइट हाउसमध्ये पाहुणा म्हणून बोलावलं. कोणत्या बायकोसकट याला महत्त्व नाही, तोवर बायको बदलली होती. दार उघडलं, याला महत्त्व आहे.”

“लोकांनी काय केलं?” वरळी.

“काय करणार? शिकागोत काळ्या लोकांच्या कार्यक्रमात त्याची हुर्यो उडवली. काळ्यांचा पुढारी जेसी जॅक्सननं शेजारी उभं राहून सावरून घेतलं तेव्हा गाऊ शकला.”

सिनात्राचंही तेच, त्या म्हणाल्या, फक्त त्याच्याबद्दल त्यांना एवढी कळकळ नव्हती. १९४५ मध्ये ज्यूद्वेषाविरुद्ध लघुपट करणारा, डाव्यांचा मित्र म्हणून वर्तमानपत्रांनी झोडपलेला माणूस. केनेडीच्या शपथविधीचा जलसा त्यानंच उभा केला. मार्च १९६२ मध्ये केनेडी पाम स्प्रिंग्जला येणार म्हणून त्यानं घरात हेलिपॅड वगैरे तयारी केली. माफियाच्या ओळखींमुळे केनेडीच्या लोकांनी ऐन वेळी बेत बदलला आणि मुक्काम केला बिंग क्रॉस्बीकडे. गायक, वर रिपब्लिकन! १९७० मध्ये सिनात्रा रेगनच्या प्रचारात, १९७२ ला निक्सनकडे, १९८१ ला रेगनच्या शपथविधीचा जलसाही त्यानंच बसवला.

“म्हणजे तत्त्व वगैरे काही नाहीच,” भाचा म्हणाला.

“असतं की. अपमान पचवायला तत्त्व लागतं, आणि तो फिरवून द्यायलाही तत्त्वच लागतं.”

वरळीला हे रुचलं नाही. तो म्हणाला, काळ्या माणसानं वेगळं मत दिलं की लगेच त्याचा अपमान तरी शोधता किंवा त्याला विकला गेला म्हणता, तिसरं काही सुचत नाही का? आणि त्यानं जेम्स ब्राउनचं नाव काढलं. याला सोल संगीताचं वेड आहे हे आम्हाला माहीत होतं, पण तो एवढं बोलेल असं वाटलं नव्हतं.

“१९६८ मध्ये काळा असल्याचा अभिमान मोठ्यानं सांगा असं गाणं या माणसानं दिलं. रस्त्यावरची पोरं ते ओरडत होती. चार वर्षांनी त्यानं निक्सनला पाठिंबा जाहीर केला. निदर्शनं झाली, शिव्या पडल्या. का दिला? निक्सन म्हणत होता काळ्यांनी स्वतःचे धंदे काढावेत, सरकार भांडवलाला मदत करेल. ब्राउन लहानपणी ऑगस्टा गावात रेडिओ स्टेशनच्या बाहेर बूटपॉलिश करायचा. मोठा झाल्यावर ते स्टेशन विकत घेतलं. त्याला कुणाची दया नको होती, त्याला मालकी पाहिजे होती. निक्सननं ती दिली का, हा वेगळा प्रश्न. पण हे मत त्यानं बूटपॉलिशच्या डब्यावर बसून कमावलंय. तुम्ही म्हणाल चूक. चूक म्हणा. त्याला डोकं नव्हतं म्हणू नका.”

मास्तरांनी मान डोलावली, पण हळूच म्हणाले की निक्सनच्या त्या योजनेतून फार थोड्यांचं भलं झालं. वरळी म्हणाला, तुमच्या योजनांतून तरी किती जणांचं झालं मास्तर?

एवढ्यात रॉक गायक एल्विस प्रेस्लीचा विषय निघाला, आणि वातावरण जरा हलकं झालं. २१ डिसेंबर १९७० ला हा गडी स्वतः पत्र लिहून व्हाइट हाउसच्या दारात उभा राहिला. मागणी काय? अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला पाहिजे. निक्सनला भेट म्हणून कोल्ट पिस्तूल आणलं, बीटल्स अमेरिकाविरोधी वातावरण पसरवतात म्हणून तक्रार केली, आणि बिल्ला घेऊन आनंदात घरी गेला. ज्याच्या कंबरेच्या हालचालींनी पन्नासच्या दशकातले आईबाप हादरले होते तो हा. आणि स्वतःच्या औषधाच्या गोळ्यांचा हिशोब केला असता तर खात्याला पहिली धाड घरीच घालावी लागली असती. “याला विचारसरणी म्हणायचं?” सीएनं विचारलं. रॉकर म्हणाला, “नाही, याला बिल्ला जमवायचा छंद म्हणायचा.” खरंच, एल्विस पोलिसांचे बिल्ले जमवायचा.

हशा ओसरल्यावर वकीलबाई सरळ रॉकरकडे वळल्या. “मघापासून आपण सगळ्यांना समजून घेतोय. आता क्लॅप्टनला समजून घे.”

रॉकरचा चेहरा पडला. त्याच्या घरी क्लॅप्टनची फ्रेम आहे.

५ ऑगस्ट १९७६, बर्मिंगहॅमचं ओडियन थिएटर. दारू प्यायलेला इंग्लिश गिटारवाला एरिक क्लॅप्टन मंचावरून परदेशी लोकांना हाकलून द्या म्हणाला, शिव्या वापरून, आणि इनॉक पॉवेलला पाठिंबा द्या म्हणाला. हाच तो पॉवेल ज्यानं १९६८ मध्ये त्याच शहरात स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. आणि क्लॅप्टन कोण? जन्मभर काळ्या लोकांच्या ब्लूजवर जगलेला. दोन वर्षांपूर्वीच बॉब मार्लीच्या गाण्यानं त्याला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं होतं. त्या रात्रीनंतर संतापलेल्या लोकांनी संगीताच्या साप्ताहिकात पत्र छापलं आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली.

“पुढं त्याला लाज वाटली, तसं बोलला तो,” रॉकर म्हणाला.

“फार उशिरा. आणि दारूचं कारण सांगू नकोस. दारू नवीन मत तयार करत नाही.”

“मग माणसाची गाणी फेकून देऊ?”

“कुणी सांगितलं फेक म्हणून? मी एवढंच म्हणते की कराचा दर जास्त वाटणं आणि शेजाऱ्याला देशातून हाकला म्हणणं, दोन्हींना एकाच पिशवीत घालून ‘उजवे विचार’ अशी चिठ्ठी लावू नका. केन आणि क्लॅप्टन एक नाहीत.”

हे मला फार महत्त्वाचं वाटलं, आणि आमच्या अख्ख्या चर्चेतली खोट तिथंच होती. चार्लटन हेस्टनचं उदाहरण मी मनात घोळवत होतो, ते बोललो. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या वॉशिंग्टन मोर्चात चाललेला माणूस. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडीच्या खुनानंतर बंदुकांवर नियंत्रण आणणाऱ्या कायद्याला ज्या नटांनी जाहीर पाठिंबा दिला त्यात हा होता, ग्रेगरी पेकबरोबर. आणि १९९८ ते २००३ बंदूकवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. बंदूक उंचावून ‘माझ्या थंडगार मेलेल्या हातातून काढून घ्या’ म्हणणारा. किंगबरोबर चाललो याचा अभिमान त्यानं शेवटपर्यंत सांगितला. आपल्याला ही दोन माणसं वाटतात. त्याला दोन्ही एकच वाटत होतं: सरकारनं माणसाच्या हक्काला हात लावू नये. आधी मतदानाच्या, मग बंदुकीच्या.

“आणि १९६८ चं काय मग? तेव्हा तर बंदुकीला हात लावा म्हणत होता,” मास्तर म्हणाले.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस सलग असतो असं कुठं आहे.

भाचा इतका वेळ फोनवर रामोन्स ऐकत होता असं आम्हाला वाटलं होतं. त्यानं एक कान मोकळा केला. “एक विचारू का? तुम्ही मघापासून उजव्या लोकांचीच कारणं शोधताय. याला कर लागला, त्याचा अपमान झाला, त्याचा बाप असा होता. ग्रेगरी पेक डेमोक्रॅट का होता, ते कुणीच नाही शोधलं.”

“तो विचार करून डेमोक्रॅट झाला होता,” मास्तर पटकन म्हणाले, आणि मग स्वतःच ओशाळून हसले.

सीएला एवढा आनंद झाला की त्यानं पोराला स्वतःच्या पैशानं वडापाव दिला.

“परदेशातलं सोपं आहे रे,” वरळी म्हणाला. “कुणाचं काही जात नाही. नामदेव ढसाळचं बोला.”

आता खरोखरच कुणी पुढं होईना. ढसाळ म्हणजे ‘गोलपिठा’चा कवी, १९७२ मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्यांतला. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत पँथरची सभा झाली, दंगल पेटली, शिवसैनिक आणि पँथर समोरासमोर, मोर्चावर दगड आले आणि भागवत जाधव गेला. पुढं पँथर फुटली तेव्हा ढसाळांवर आरोप काय होता? कम्युनिस्ट असल्याचा. आणीबाणीत त्यांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली. आणि नंतर तेच ढसाळ शिवसेनेच्या जवळ गेले, ‘सामना’त सदर लिहायला लागले, २००६ मध्ये संघाच्या सरसंघचालकांबरोबर एका व्यासपीठावर बसले.

सीए म्हणाला, “आजारपण मोठं होतं त्यांचं. खर्च...”

“तुझं मीटर बंद कर जरा,” वकीलबाई म्हणाल्या.

मास्तर म्हणाले की डाव्यांनी आणि समाजवाद्यांनी त्यांना कधी आपलं मानलंच नाही, कौतुक केलं ते लांबून. रॉकर म्हणाला, कवी आहे, कुणाच्या दावणीला राहणार नाही. मी म्हटलं, पुढं २०११ मध्ये आठवल्यांचा पक्षही सेना-भाजपबरोबर गेला, म्हणजे ढसाळ पुढं होते एवढंच. प्रत्येकानं आपापलं ठेवणीतलं कारण त्यांना लावून पाहिलं. वरळी ऐकत होता.

“माझा बाप १९७४ ला त्याच चाळीत होता,” तो म्हणाला. “आमच्या घरी ‘गोलपिठा’ आहे. पानं सुटलीत, शिवून घेतलंय. आणि ‘सामना’ आमच्या घरात कधी आला नाही, सदर असायचं त्या दिवशीही नाही. बापाला मी एकदा विचारलं, का गेले ते तिकडं? तर म्हणाला, मला नाही माहीत, आणि तू कोण विचारणार?”

“म्हणजे वडिलांनी माफ केलं?” सीए.

“माफ? २००६ चा तो फोटो पेपरात आला तेव्हा दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही.”

“आणि पुस्तक?”

“पुस्तकाला काय झालं? ते कुठं कुणाच्या व्यासपीठावर बसलं होतं?”

मास्तरांनी यावर काहीतरी बोलायला सुरुवात केली. कवितेतही राजकारण असतंच, ती अशी वेगळी काढता येत नाही, वगैरे. वरळी म्हणाला, मास्तर, उद्या. सकाळी साडेपाचची ड्यूटी आहे.